पगार नेमका कुणाकडून येतोय ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि मुंबई महानगर

या वेळची पत्रं विरारपासून भिवंडी-कल्याणपर्यंतची आहेत, वयं बावीस ते सेहेचाळीस, शिक्षण तर कुणाचं कुणाशी जुळत नाही. तरी वाचताना एक गोष्ट परत परत दिसली म्हणून ही पत्रं एकत्र घेतेय. मुंबईत काम नाही असं नाहीये. पण काम एकाकडे, पगार दुसऱ्याकडून, आणि उद्या काही झालं तर विचारायचं कुणाला हे तिसरंच, असं झालंय. त्यामुळे या वेळी उत्तरं जरा लांबली आहेत, सांभाळून घ्या.

ताई, मी बी.कॉम. झालोय, वय २२, राहायला विरार. मालाडला एका मोठ्या बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये सिलेक्शन झालं, घरी पेढे पण वाटून झाले. पण ऑफर लेटर आलं ते भलत्याच कंपनीच्या नावाने, बँकेचं नाव त्यात फक्त ‘क्लायंट’ म्हणून. सीटीसी ३ लाख ६० हजार. म्हणजे महिन्याला ३० हजार ना? घेऊ का नको? – बी.कॉम.वाला, विरार

पेढे वाटलेस ते बरोबरच केलंस, पहिली नोकरी आहे. आणि तुला कुणी फसवलंय असंही नाही. याला थर्ड पार्टी पे-रोल म्हणतात, म्हणजे बसायचं बँकेत, काम बँकेचं, आयकार्डवर बँकेचा लोगो, पण तू कागदोपत्री नोकर त्या दुसऱ्या कंपनीचा. मालाड, ऐरोली, ठाणे, बीकेसी कुठेही जा, एका फ्लोअरवर शेजारी शेजारी बसलेल्या चार जणांतले दोघं तरी असे सापडतात.

लोकांना वाटतं हे आत्ताचं काहीतरी नवीन आलंय. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, खात्यात कुणाचा खाडा असेल तर आत घेणार, नसेल तर घरी. आई रोज डबा भरून द्यायची आणि साडेसात-पावणेआठला दारात वडिलांच्या चपला वाजल्या की आम्हाला कळायचं आज काम नाही मिळालं, मग तोच डबा आम्ही पोरं दुपारी खायचो. पण कायम होणार ही आशा त्यांना होती, कारण वर्षानुवर्षं बदली करून कायम झालेले लोक खात्यात डोळ्यासमोर दिसायचे. तुझ्या बाबतीत हेच विचारायचंय. एचआरला सरळ विचार की गेल्या दोन वर्षांत या टीममधले किती जण बँकेच्या पे-रोलवर गेले. आकडा सांगितला तर छान. ‘परफॉर्मन्सवर डिपेंड आहे’ एवढंच म्हणाले तर समज की कुणी गेलेलं नाहीये.

आता तुझे ३० हजार. नाही, हातात ३० येणार नाहीत. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातातला पगार नव्हे. ब्रेकअप, म्हणजे त्यात कशाचे किती ते, मागवून घे, माझ्या अंदाजाने असा असेल: महिन्याचे ३०,००० धरले तर त्यात वर्षाअखेरीचा व्हेरिएबल (काम बघून देतात तो भाग) दहा टक्के म्हणजे ३,००० आधीच बाजूला. मग कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० (बेसिक १५,००० धरून १२ टक्के), ग्रॅच्युइटीचे सातशेवीसच्या आसपास. उरले साधारण २४,४८०. त्यातून परत तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. म्हणजे हातात साडेबावीस हजारच्या आसपास. घरी बाबांना हाच आकडा सांग, तीसचा नको, नाहीतर पहिल्याच महिन्यात घरात उगाच वाद होतात.

मी म्हणेन घे. विरार-मालाड प्रवास जमण्यासारखा आहे आणि केवायसीचं, पेमेंट्सचं काम दीड-दोन वर्षं नीट केलेल्या पोराला दुसरीकडे मागणी असते. पण पीएफचं एक लक्षात ठेव आणि मित्रांनाही सांग. कंपनीच्या त्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि पेन्शन मिळायला एकूण १० वर्षं नोकरी भरावी लागते. कॉन्ट्रॅक्टवरची पोरं दर वर्षी कंपनी बदलतात आणि दर वेळी सगळा पीएफ काढून मोबाइल नाहीतर बाइक घेतात, मग दर वेळी गिनती शून्यापासून. काढू नकोस, ट्रान्सफर कर. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा नंबर, आयुष्यभर एकच. आणि तीन महिन्यांनी पासबुक उघडून बघ, पैसे खरंच भरतायत का. माझ्याकडे मागे एक मुलगी आली होती, चौदा महिन्यांची नोकरी, पगारातून दर महिन्याला कटिंग झालेलं, आणि पासबुकात चारच महिन्यांची एन्ट्री. तोवर कॉन्ट्रॅक्टर ऑफिस बंद करून गेला होता. तिने पीएफ ऑफिसात तक्रार टाकली तेव्हा कुठे ते काम हललं. हो, आणि कॉन्ट्रॅक्टरने (म्हणजे तुझ्या ऑफर लेटरवाल्या कंपनीने) पगारच दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर, तुझ्या बाबतीत बँकेवर, येते, हे कायद्यात १९७० पासून आहे आणि नवीन लेबर कोडमध्येही तसंच ठेवलंय. पोरांना हे माहीतच नसतं.

मॅडम, पेपरात वाचलं की बेरोजगारी कमी झाली. माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, आठ महिने घरी आहे. त्याच्या बॅचचे निम्मे तसेच. मग कमी झाली ती कुणाची? – एक आई, डोंबिवली

तुमचा राग अगदी बरोबर आहे, आणि पेपरातला आकडाही खोटा नाही. दोन्ही कसं ते सांगते.

हा आकडा सरकारच्या पीएलएफएस नावाच्या सर्व्हेतून येतो, २०१७ पासून चालू आहे आणि २०२५ पासून दर महिन्याला यायला लागलाय. २०१७-१८ मध्ये बेरोजगारी ६.१ टक्के होती ती २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाली, हे तुम्ही वाचलं असणार. पण यात बेरोजगार कुणाला म्हणायचं ते बघा. जो काम शोधतोय आणि मिळालं तर करायला तयार आहे तोच. मुलगा घरी बसून एमपीएससीचा अभ्यास करत असेल आणि कुठे अर्ज टाकत नसेल तर तो बेरोजगारांत धरलाच जात नाही. मामाच्या दुकानात बिनपगारी मदत करत असेल तर तो चक्क ‘काम करणारा’. महिन्याच्या आकड्यात तर आधीच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी झालात तुम्ही कामावर. हे नियम जगभर असेच असतात, आपल्याकडे मुद्दाम केलेले नाहीत, पण त्यामुळे तो आकडा डोंबिवलीतल्या इंजिनिअरच्या घराबद्दल काहीच सांगत नाही. त्याच २०२३-२४ च्या सर्व्हेत १५ ते २९ वयाच्यांचा आकडा १०.२ टक्के होता आणि त्याच वयाच्या शहरातल्या मुलामुलींचा १४.७. तुमचा मुलगा अर्ज टाकत असेल तर तो या आकड्यात येतो.

आता मुलाबद्दल. बहुतेक तो आयटी कंपन्यांच्या भरतीची वाट बघतोय, हो ना? २०२१-२२ मध्ये या कंपन्यांनी कुठल्याही ब्रँचची पोरं उचलली, मेकॅनिकल, सिव्हिल, काहीही, आणि तेव्हापासून घराघरात तोच हिशेब डोक्यात बसलाय. तो काळ गेला. टीसीएसनेच जुलै २०२५ मध्ये जवळपास १२ हजार माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं. जी भरती आहे ती जास्त करून परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या सेंटरमध्ये, ज्यांना जीसीसी म्हणतात, देशात सतराशेच्या वर आहेत आणि १९ लाखांच्या आसपास माणसं काम करतात, पण तिथे बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचा अनुभव लागतो. फ्रेशरने अनुभव आणायचा कुठून हा प्रश्न उरतोच.

म्हणून मी त्याला सांगेन की आयटीचा नाद सोडू नकोस पण वाट बघत घरात बसू नकोस. इंजिनिअरसाठी सरकारची अप्रेंटिसशिप आहे, एनएटीएसची, एक वर्षाची, स्टायपेंड मिळतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली त्यात पदवीधराला महिना १० हजार ठरवले होते. दहा हजारांत इंजिनिअर, असं नातेवाईक बोलतील, बोलू देत. अंबरनाथ, तळोजा, महापेच्या एखाद्या प्लांटमध्ये वर्षभर मेंटेनन्स नाहीतर क्वालिटी बघितलेला मुलगा आणि वर्षभर घरून अर्ज टाकणारा मुलगा, दोघांचे रेझ्युमे मी पंचवीस वर्षं टेबलावर बघत आलेय. पहिल्याला फोन जातो. आणि ताई, आठ महिने घरी असलेल्या मुलाला रोज ‘काय झालं रे’ विचारू नका. त्याला तोंडपाठ असतं आज किती दिवस झाले ते.

साहेब/मॅडम, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय ४६. रबाळेच्या कारखान्यात १८ वर्षं मेंटेनन्सला. कंपनी गुजरातला चालली आहे. एचआर म्हणतो राजीनामा लिहून द्या, तीन महिन्यांचा पगार लगेच देतो, नाहीतर लटकाल. या वयात कोण घेणार मला? – इलेक्ट्रिशियन, ऐरोली

दादा, आधी एक करा. राजीनामा लिहू नका. हे छापून येईपर्यंत लिहिला नसेल अशी आशा करते.

कारण राजीनामा दिला की तुम्ही ‘स्वतःहून गेलात’ आणि कपातीची भरपाई जाते. कंपनीने काढलं तर दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार अशी भरपाई कायद्याने आहे, म्हणजे तुमच्या १८ वर्षांचे साधारण नऊ महिन्यांचे पगार, वर नोटिशीचा वेगळा. तो माणूस तुम्हाला नऊच्या जागी तीन देतोय. ग्रॅच्युइटी याच्याशिवाय आणि ती राजीनामा दिला तरी मिळतेच. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून २२ हजार असेल तर २२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १८, म्हणजे २ लाख २८ हजारच्या वर. हे कागदावर लिहून न्या, युनियन असेल तर युनियनकडे, नसेल तर लेबर ऑफिसात, आणि एकटे जाऊ नका, सगळे मिळून जा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. वडील तोवर कायम झाले होते. पुढे कित्येक जणांनी जे दिलं त्यावर सही केली कारण घरात चूल पेटवायची होती, आणि कशावर सही केली हे नंतर कुणाला वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा कळलं. वडिलांनीही तसंच केलं. म्हणून मी या एका गोष्टीवर एवढी अडून बसते.

‘या वयात कोण घेणार’ याचं उत्तर तुमच्या घरासमोरच आहे. ठाणे-बेलापूर रोडवर कारखाने गेले तिथे आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहतायत, ऐरोली, रबाळे, महापे सगळीकडे. डेटा सेंटरमध्ये माणसं कमी लागतात हे खरं, पण जी लागतात ती तुमच्यासारखीच: जनरेटर, यूपीएस, चिलर, पॅनल, चोवीस तास पाळी. तिथे लाइट गेली असं होऊनच चालत नाही, त्यामुळे अठरा वर्षं ब्रेकडाउन काढलेला हात त्यांना हवा असतो. मेट्रोचे डेपो, नवी मुंबईचा विमानतळ (ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं), मोठी हॉस्पिटलं, इथेही हेच काम. यातलं बरंचसं फॅसिलिटीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून भरलं जातं हे आधीच सांगते, तेव्हा वर विरारच्या मुलाला सांगितलेलं पीएफचं तुम्हीही वाचा.

वायरमनचं लायसन चालू आहे का बघा. कंपनीकडून अनुभवाचं पत्र आत्ताच घ्या, त्यात नुसतं ‘मेंटेनन्स’ नको, कुठल्या मशिनवर, किती केव्हीच्या पॅनलवर काम केलं ते लिहून घ्या, कंपनी गुजरातला गेल्यावर तुम्हाला पत्र द्यायला कोण थांबलेलं असणार आहे इथे?

नमस्कार मॅडम. वय ३६, कल्याण. अंधेरीला अकाउंट्समध्ये होते, मुलगी झाल्यावर सोडलं, सहा वर्षं झाली. आता शाळेत जाते ती. इंटरव्ह्यूला गेलं की सगळे ‘गॅप’वर अडतात. घरून काम मिळेल का? – कल्याणहून

घरून कामाच्या ज्या जाहिराती तुम्हाला येत असतील त्यातल्या बऱ्याचशा फसवणुकीच्या असतात. कामासाठी तुमच्याकडून आधी पैसे मागितले की फोन ठेवा. खरं घरून काम असतं, पण ते बहुतेक आधीपासून कंपनीत असलेल्यांना मिळतं.

गॅपचं मात्र मी वेगळं सांगेन. तुम्ही सोडलं तेव्हा जीएसटी येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, म्हणजे ते तुम्हाला येतं. नंतर ई-इनव्हॉइसिंग आलं, जीएसटीचं टू-बी नावाचं खरेदीचं स्टेटमेंट जुळवणं आलं, ते महिन्याभरात शिकण्यासारखं आहे. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू, १९६१ चा जुना गेला, टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या कराची) सगळी कलमं बदलली. १९४-सी, १९४-जे हे ज्यांना झोपेत पण यायचं त्यांनाही आता नव्याने पाठ करायचंय. म्हणजे यात सहा वर्षं घरी असलेली बाई आणि सहा वर्षं ऑफिसात असलेला माणूस एकाच ठिकाणी उभे आहेत. हा भाग आधी शिका आणि इंटरव्ह्यूत गॅपचं विचारलं की एका वाक्यात सांगा, मुलगी लहान होती, आता शाळेत जाते, आणि लगेच नवीन टीडीएसवर या. गॅपची माफी मागत बसू नका. मी इंटरव्ह्यू घ्यायचे तेव्हा बायका स्वतःच दहा मिनिटं त्यावर बोलत राहायच्या आणि मग अकाउंट्सचं विचारायला वेळच उरायचा नाही, हे बघून मला फार वाईट वाटायचं.

अंधेरी डोक्यातून काढा. कल्याण-अंधेरी रोज म्हणजे घरी यायला साडेआठ. ठाण्यात वागळे इस्टेट आहे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली आहे, हजार-दोन हजार कमी मिळाले तरी तो प्रवास टिकतो. मी बघितलंय की नोकरीत परत आलेल्या बायका सोडतात त्या कामामुळे नाही, संध्याकाळच्या गर्दीमुळे आणि ‘मुलीला कोण आणणार’ यामुळे. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने लागते, २०१७ पासून, तुमची मुलगी मोठी झाली तरी विचारा, तुमच्यानंतर येणाऱ्या मुलीला उपयोग होईल. शहरांत १५ वर्षांवरच्या बायकांमध्ये कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये शंभरात २०.४ होत्या, २०२३-२४ मध्ये २८. वाढ आहे, पण तेव्हाही शंभरातल्या ७२ त्यात नव्हत्या आणि त्यात तुमच्यासारख्या बी.कॉम., एम.कॉम. किती असतील विचार करा.

दादरच्या एका कन्सल्टन्सीने एअरपोर्टला ग्राउंड स्टाफसाठी ‘रजिस्ट्रेशन आणि युनिफॉर्म’ म्हणून ६,५०० मागितलेत. भरू? – १२ वी पास, मानखुर्द

नको. एक रुपया भरू नकोस. चांगली एजन्सी पैसे कंपनीकडून घेते, उमेदवाराकडून नाही. सरकारचं एनसीएस पोर्टल आणि राज्याचं महास्वयम दोन्ही फुकट आहेत, तिथे नाव टाक, आणि ज्या कंपनीचं नाव ते सांगतायत तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर करिअरचं पान बघ.

ताई मी डिलिव्हरी करतो, वय २६, कळव्याला राहतो. दिवसाला ९५० पर्यंत होतात, दहा-साडेदहा तास. भिवंडीच्या गोडाउनमध्ये १६ हजारची नोकरी सांगून आलीय. मित्र म्हणतात येडा आहेस का, इथे २५ कमावतोस तिथे १६ वर जाणार. – डिलिव्हरीवाला

येडा अजिबात नाहीस, विचारतोयस हेच खूप आहे. चल मांडू. ९५० गुणिले २६ दिवस, २४,७०० झाले. पेट्रोल दिवसाला २०० धर, ५,२०० गेले. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक मिळून महिन्याला दीड हजार. बाइकचा हप्ता असेल तर २,८०० धरते. उरले १५,२००. तासाला पडले छप्पन्न ते अठ्ठावन्न रुपये. मित्र ते पंचवीस म्हणतात त्यात पेट्रोल आणि बाइक धरलेलीच नाही. तुझे खरे आकडे माझ्यापेक्षा वेगळे असतील, महिनाभर मोबाइलमध्ये लिहून बघ.

गोडाउनचे १६ हजार म्हणजे पीएफ १,८००, ईएसआय (कामगार विमा) १२० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जाऊन हातात १३,८८०. म्हणजे हातात हजार-तेराशे कमीच येणार, ते लपवत नाही मी. पण तुझ्या पीएफच्या १,८०० वर कंपनीचे १,८०० पडतात, आणि त्या १२० रुपयांत तुझे आणि घरच्यांचे दवाखान्याचे उपचार येतात. पगार २१ हजारपर्यंत असेल तोवर ईएसआय लागू असतं आणि कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून कव्हर. तू रोज दहा तास रस्त्यावर असतोस, पावसाळ्यात घोडबंदरच्या खड्ड्यांत बाइक घसरली तर आज तुझं काय होतं, महिनाभर बसलास तर घरी काय येतं, हे मला नको सांगूस, स्वतःशी बघ.

नवीन सोशल सिक्युरिटी कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात गिग कामगार (तुझ्यासारखे अ‍ॅपवर काम करणारे) हा शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आला आणि अ‍ॅपच्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के तुमच्यासाठी निधीत टाकायचे असं आहे. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१ मध्येच देशात तुमच्यासारखे ७७ लाख होते, म्हणजे हा छोटा प्रश्न नाही. त्यामुळे नोकरी घेतोस की नाही ते नंतर, ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव मात्र आजच टाक, आधार आणि मोबाइल हाताशी ठेव.

गोडाउनला हो म्हणायच्या आधी तिथे जाऊन ये, सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी पाळी सुटताना जा. बाहेर चहाला उभ्या असलेल्या पोरांना विचार: कंपनीची बस कळव्यापर्यंत येते का, ओव्हरटाइम डबल देतात का, ईएसआयचं कार्ड हातात आलंय का, आणि पगाराच्या स्लिपवर नाव कुणाचं असतं. चौघांना विचार. दोघांनी जरी कार्ड दाखवलं तर जा, मी म्हणेन.